मागे राहणारा नागेश

नागेश परुळेकरची उंची सहा फूट एक इंच, आणि आपल्या सगळ्या दुर्दैवाचं मूळ तिथेच आहे असं त्याचं स्वतःचं म्हणणं. वेंगुर्ल्याच्या शाळेत तो पहिलीपासून शेवटच्या बाकावर. वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेत. बावीस वर्षांपूर्वी दुबईत आला तेव्हा जबल अलीच्या कॅम्पमधून कंपनीच्या बसने कामावर जायचा. पुढच्या सीटमध्ये गुडघे मावेनात, म्हणून मागची लांब सीट कायमची त्याची झाली. आता तो ट्रकच्या एका वर्कशॉपमध्ये स्पेअर पार्ट्सच्या काउंटरचा इनचार्ज आहे, म्हणजे काउंटरच्या मागे. त्याच्या डोळ्यांदेखत तीन मॅनेजर आले आणि गेले, तिघांनाही काम त्यानेच शिकवलं. चौथा हम्माद, जेमतेम तिशीचा. तो मध्ये एकदा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "नागेश हबीबी, यू आर द बॅकबोन." म्हणजे तिथेही पाठीमागेच.

लोकांना वाटतं, शांत माणूस आहे. शांत वगैरे काही नाही. आतून हा माणूस सदा कढत असतो, फक्त झाकण घट्ट बसलेलं असतं. बायको संपदाला ते ठाऊक आहे. तो जेवताना चटणी मागेनासा झाला की ती ओळखते, आज कोणीतरी याला डिवचलंय.

एक सुख मात्र त्याने स्वतःचं म्हणून ठेवलं होतं, मोटरसायकल. दुबईतल्या मराठी मोटरसायकलवाल्यांचा एक गट आहे. हिवाळाभर दर रविवारी पहाटे हत्ता रोडच्या तोंडाशी एका पेट्रोल पंपावर चौदा-पंधरा गाड्या जमतात, कागदी कपातला करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा होतो, आणि मग सगळे रांगेने डोंगराकडे निघतात. अनुराधा नावाची दातांची डॉक्टर या गटाची कॅप्टन. तिची शिस्त कडक. रांगेत सगळ्यात पुढे चालतो तो लीड आणि सगळ्यात मागे चालतो तो स्वीप. स्वीपचं काम एकच. रस्त्याकडेला आपला माणूस थांबलेला दिसला की आपण थांबायचं. पंक्चर असो, चेन तुटलेली असो, नाहीतर नुसती चक्कर आलेली असो, त्याला सोडून पुढे जायचं नाही.

नऊ वर्षं नागेश स्वीप होता. त्याच्या गाडीला हत्यारांची पेटी, पंक्चरचं सामान, जास्तीचं पाणी, सगळं असायचं. गटात गुणवंत नावाचे एक इन्शुरन्सवाले गृहस्थ आहेत, पन्नाशीत मोटरसायकल शिकलेले. त्यांची बायको त्यांना एकाच अटीवर घराबाहेर सोडायची, की नागेशभाऊ मागे असले पाहिजेत. एकदा लहबाबच्या वाळूत गुणवंतांची चेन तुटली, तर नागेशने चादर बांधून त्यांना सावलीत बसवलं आणि स्वतः दोन तास उन्हात खपून चेन जोडली. त्यानंतर गटातला प्रत्येक जण निर्धास्तपणे गाडी पळवायचा, कारण मागे नागेशदादा आहेत.

आणि नऊ वर्षांत एकदाही कोणाच्या तोंडून निघालं नाही की नागेशदादा, आज तुम्ही पुढे व्हा. त्याला ते हवं होतं. फार हवं होतं. पुढे कोणाची पाठ नाही, कोणाच्या गाडीची धूळ नाही, वळण आलं की ते आधी आपल्याला दिसतंय. पण पन्नाशीला टेकलेल्या माणसाने असलं काही मागायचं म्हणजे पंगतीत उठून लाडू मागण्यासारखं.

या गटात कुशल राजवाडे होता. पुण्याचा, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, दुबई मरीनाला एकतिसाव्या मजल्यावर राहणारा. नागेशपेक्षा सहा वर्षांनी लहान, पण सगळे नागेशदादा म्हणत तिथे हा सरळ नागेश म्हणायचा. त्याला स्वतःच्या राइडचे व्हिडिओ टाकायचा नाद होता. माणूस बोलायला गोड, आणि गोड बोलणाऱ्यांचं एक असतं, आपलं काम होईपर्यंत ते आपले मित्र असतात. नागेशला हे कळायला जर्मनीपर्यंत जावं लागलं.

झालं असं, की एप्रिल संपला आणि गटाच्या राइड बंद झाल्या. उन्हाळ्यात इथे हेल्मेटमध्ये डोकं अक्षरशः शिजतं. जुलैमध्ये दोघांच्याही बायका-मुलं भारतात जाणार होती. कुशलने त्याला मरीनात कॉफीला बोलावलं आणि म्हणाला, "जर्मनी. दहा दिवस. गाड्या तिथेच रेंटवर घेऊ. फक्त आपण दोघं. रूट तू बनव, तुझं डोकं त्यात चालतं."

नागेशने एकच अट घातली. "लिंडाऊपर्यंत तू पुढे. लिंडाऊपासून आल्प्सचा जो रस्ता सुरू होतो, त्यावर मी पुढे. शेवटपर्यंत."

"अरे डन," कुशलने हात पुढे केला. "तुला पाहिजे तर सगळीकडे पुढे रहा. यल्ला, प्रॉमिस."

नागेशने तो हात मनापासून दाबला. पुढचे तीन महिने त्याने जेवणाच्या सुट्टीत काउंटरवर बसून, जुन्या चलनांच्या पाठीवर तो सगळा रस्ता काढला. कुठे पेट्रोल, कुठे मुक्काम, कुठे घाट. लिंडाऊ ते बेर्ख्टेसगाडेन हा साडेचारशे किलोमीटरचा तुकडा त्याला तोंडपाठ झाला. संपदा म्हणाली, "कुशल भावजींबरोबर जाताय? बघा हं. तो माणूस स्वतःपुरता आहे." नागेश तिच्यावर खेकसला, तुला प्रत्येकात खोट दिसते म्हणाला. संपदाने नंतर एकदाही "मी म्हटलं नव्हतं?" असं ऐकवलं नाही, हा तिचा मोठेपणा.

म्युनिकला गाड्या ताब्यात घेतल्या तिथूनच रंग दिसायला लागला. कुशलने मोठी गाडी घेतली, ते ठीक, पैसे त्याचे. मग त्याने स्वतःचा कॅमेरा काढला आणि नागेशच्या हेल्मेटवर बसवला. "तू मागे आहेस ना, मी फ्रेममध्ये छान येतो." नागेशने मान डोलावली. लिंडाऊपर्यंतच तर आहे, असं मनाशी म्हणाला.

दोघंच असले तरी नियम नियम असतो. वळण आलं की पुढच्याने थांबायचं, मागच्याचा दिवा दिसला की निघायचं. कुशल थांबत नसे. दुसऱ्या दिवशी एका गावात दोघांची चुकामूक झाली आणि नागेशने त्याला तासभर शोधलं. चौथ्या दिवशी ब्लॅक फॉरेस्टात पाऊस कोसळायला लागला. नागेश रेनकोट घालायला थांबला, कुशल तसाच पुढे. नागेश चिंब भिजून, दात वाजवत पस्तीस किलोमीटर गेला, तर हे महाशय हॉटेलात सूप पीत बसलेले.

"थांबायचंस ना रे," नागेश म्हणाला.

"अरे, तू स्वीप आहेस. तू येणारच की," कुशल म्हणाला आणि पाव मोडला.

खोलीत खिडकीकडचा पलंग कुशलचा. इलेक्ट्रिक किटलीत उपमा करायचा नागेशने, नावं ठेवायची कुशलने. संध्याकाळी दोन्ही गाड्यांच्या चेनला तेल नागेशने घालायचं, कारण "तुझा हात बसलाय". पेट्रोलचं तर विचारूच नका. दुबईत पंपावर माणूस असतो. गाडी लावली की तो येतो, 'स्पेशल की सुपर' विचारतो, भरतो. आपण हातमोजेसुद्धा काढत नाही. जर्मनीत ज्याचं त्याने भरायचं. कुशल पंधरा वर्षांच्या सवयीने गाडीजवळ हातमोजे चढवून उभा राहायचा, आणि नागेश आधी त्याची टाकी भरायचा, मग स्वतःची. सहा दिवसांत कुशलने एकदाही नळीला हात लावला नाही. 'थँक्स'ही म्हणाला नाही. दुबईतल्या पंपावरही तो म्हणत नसे, ते एक सोडा.

मोझेल नदीच्या काठी त्याने व्हिडिओ काढला. द्राक्षांचे मळे दाखवले, स्वतःला दाखवलं, मग कॅमेरा नागेशकडे वळवून म्हणाला, "और ये है नागेश, हमारा बैकअप. गाड़ी बिगड़े, टायर फटे, नो टेन्शन." रात्री जेवताना तो खालच्या कमेंट वाचून हसत होता. कोणीतरी लिहिलं होतं, मला पण असा बॅकअप भाई पाहिजे, कुठे मिळतो. नागेशने ताटातला बटाटा बोथट सुरीने इतका बारीक चिरला की त्याचा लगदा झाला.

सातव्या दिवशी सकाळी ते लिंडाऊत होते. तळ्याकाठचं गाव, आकाश स्वच्छ, हॉटेलच्या अंगणात नाश्ता. नागेश पहाटेच उठून, दाढी करून, धुतलेला शर्ट घालून आला होता. आज त्याचा दिवस.

"आजपासून मी पुढे," तो म्हणाला.

"हो, तेच बोलायचं होतं," कुशलने पावाला लोणी लावत म्हटलं. "बघ, कॅमेरा तुझ्या हेल्मेटवर आहे. तू पुढे गेलास तर शूट काय होणार? रिकामा रस्ता? आणि आल्प्स म्हणजे व्हिडिओचा मेन पार्ट आहे यार."

"मग कॅमेरा तू लाव."

"मग मी दिसणार कुठे?"

"आपलं ठरलं होतं, कुशल."

"ठरलं होतं, ठरलं होतं. लहान मुलं आहोत का आपण? बी प्रॅक्टिकल." त्याने पाव तोंडात घातला. "आणि खरं सांग, पुढे जाऊन तुला करायचंय काय?"

नऊ वर्षं जपलेली गोष्ट अशी लोण्याच्या सुरीने कोणी पुसून टाकेल हे नागेशच्या स्वप्नातही नव्हतं. त्याने हेल्मेटवरचा कॅमेरा काढला आणि कुशलच्या ताटलीत, लोण्याच्या वडीवर ठेवला.

"आता शूटिंग बंद," तो म्हणाला.

"ओके. ॲज यू लाइक," कुशलने कॅमेरा रुमालाने पुसला. "पण पुढे मीच असणार. मॅप माझ्या गाडीवर आहे." तो मॅप नागेशनेच तीन महिने खपून बनवला होता, आणि म्युनिकमध्ये स्वतःच्या हाताने कुशलच्या गाडीच्या स्क्रीनवर टाकून दिला होता.

तुम्ही म्हणाल, मग घुसायचं ना पुढे, रस्ता काय कुशलच्या बापाचा आहे? ते ज्याला जमतं त्याला जमतं. ज्या माणसाने नऊ वर्षं कोणाला ओलांडलं नाही, त्याचं मनगट ऐन वेळी वळत नाही. तो निमूट मागे लागला, आणि आपण मागे लागलो याचाच त्याला कुशलपेक्षा जास्त राग आला.

गावाबाहेर पंपावर दोघं थांबले. कुशलची टाकी तळाला गेलेली. नागेशने आपली गाडी भरली, नळी जागेवर अडकवली आणि बाजूला उभा राहिला. कुशल हातमोजे घालून वाट बघत होता.

"माझी?" त्याने विचारलं.

"भर की. हात आहेत ना."

कुशल हसला, जणू बायको रुसलीय. त्याने पंपाकडे पाहिलं. चार-पाच नळ्या, जर्मन नावं. दुबईकर माणसाचा हिशेब सरळ असतो, ज्याचं नाव भारी आणि दर जास्त ते चांगलं. त्याने सगळ्यात भारी नावाची काळी नळी, नावापुढचं बारीक अक्षर न वाचता, उचलली आणि टाकीत घातली.

नागेश बावीस वर्षं ट्रकच्या वर्कशॉपमध्ये आहे. डिझेलचा वास त्याला झोपेतही कळतो. तो वास आला. त्याने तोंड उघडलं. "अरे थांब" हे दोन शब्द जिभेवर आले होते. आणि तेवढ्यात कानात ते वाक्य वाजलं, पुढे जाऊन तुला करायचंय काय. त्याने तोंड मिटलं. तेरा लिटर डिझेल त्या गाडीत पडेपर्यंत तो गटागटा पाणी पीत उभा राहिला. मग हेल्मेट चढवलं, पट्टा घट्ट केला.

सहा-सात किलोमीटर कुशलची गाडी चालली. सफरचंदांच्या बागांमधून रस्ता वर चढायला लागला तशी ती आचके द्यायला लागली, पांढरा धूर ओकला आणि बंद पडली. कुशलने ती कडेला घेतली, हेल्मेट काढलं आणि हात वर केला. घाबरून नव्हे. पंपावरच्या माणसाला बोलवावं तसा, दोन बोटं हलवून.

नागेशने वेग कमी केला. तिसरा गिअर, दुसरा गिअर. कुशल दहा हातांवर होता, पाच हातांवर होता, त्याच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसला. आणि नागेश त्याच्या बाजूने पुढे निघून गेला.

असं सांगताना थोडी सारवासारव करायची पद्धत आहे. डोळ्यांपुढे अंधारी आली, रागाच्या भरात भान राहिलं नाही, वगैरे. मी करणार नाही. त्याचं भान शाबूत होतं. उजेड लख्ख होता आणि रस्ता रिकामा होता. पुढचं पहिलं वळण घेताना नागेश परुळेकर हेल्मेटच्या आत मोठ्याने हसला. त्याच्यापुढे कोणी नव्हतं. डोंगर, गवत, गायी, वळणं, सगळं आधी त्याला दिसत होतं. त्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, आणि त्यातला निम्मा आनंद त्या बंद पडलेल्या गाडीचा होता.

फोन चौदा वेळा वाजला. संध्याकाळी ओबरयोखचा घाट चढून गेल्यावर त्याने तो घेतला.

"होतास कुठे? मी हात केला तुला," कुशल ओरडला.

"माझं लक्ष नव्हतं," नागेश म्हणाला.

मग कुशल म्हणाला की टाकी काढून साफ करावी लागणार आहे, वर्कशॉपवाला दोन दिवस म्हणतोय, तू परत ये. नागेश म्हणाला, बुकिंग पुढची आहेत. आणि फोन ठेवला.

पुढचे तीन दिवस त्याने तो रस्ता एकट्याने केला. पश्चात्ताप झाला का? नाही. रात्री गाढ झोप लागली, सकाळी भूक लागली. फक्त तिसऱ्या दिवशी, रस्ता संपला तिथल्या तळ्यावर, त्याला कोणाला तरी काही सांगायचं होतं आणि कोणी नव्हतं. एका म्हाताऱ्या जोडप्याने त्याचा गाडीबरोबर फोटो काढून दिला. तो त्याने संपदाला पाठवला. तिचा लगेच उलट मेसेज आला, छान, पण कुशल भावजी कुठे? त्याने लिहिलं, मागे आहेत.

परतीचं विमान एकच, आणि जागाही शेजारी-शेजारी. सहा तासांत कुशलने कानांवरचे हेडफोन काढले नाहीत. दुबईत सामानाच्या पट्ट्याजवळ "चल, भेटू" एवढंच बोलला. बाहेर पंचेचाळीस डिग्रीत नागेश टॅक्सीच्या रांगेत उभा राहिला तेव्हा पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, हा गटाला सांगणार. आणि गट गेला तर माझ्याकडे उरतं काय? काउंटर.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. गटाच्या व्हॉट्सॲपवर कुशल एक अक्षर बोलला नाही. संपदा आणि मुलगी संजना परतल्या, शाळा सुरू झाली. नागेशने घरीही काही सांगितलं नाही. रोज सकाळी मात्र दात घासायच्या आधी तो फोन उघडून गटाचे मेसेज बघायचा, आणि त्याबद्दलही त्याला कुशलचाच राग यायचा.

ऑक्टोबरच्या पहिल्या राइडला तो सर्वांच्या आधी पंपावर पोचला. हत्यारांची पेटी पुसून लावलेली. एकेक गाडी येत गेली. कुशल नवं जॅकेट घालून आला आणि चहाचा कप हातात पडताच लोकांनी त्याला घेरलं. जर्मनी, जर्मनी. त्याने रंगवून सांगायला सुरुवात केली. मळे, घाट, सूप, पाऊस.

"आणि मग लिंडाऊच्या पुढे माझी गाडी बंद पडली. काहीतरी फ्युएलचा प्रॉब्लेम. मी हात करतोय, आणि हा पठ्ठ्या सरळ पुढे निघून गेला."

"नागेशभाऊ पुढे गेले?" गुणवंत म्हणाले. "शक्य नाही."

"अरे, त्याला दोष नका देऊ," कुशलने हात उंच करून नागेशच्या खांद्यावर ठेवला. "पहिल्यांदा युरोपात आलेला, भाषा येत नाही. सकाळपासूनच नर्व्हस होता बिचारा. घाबरला असेल, मी दिसलोच नसेन त्याला. मी तर तेव्हाच माफ केलं. आपला नागेश साधा माणूस आहे."

सगळ्यांचे चेहरे सैल झाले. अनुराधा म्हणाली, "होतं असं. नवीन जागा असते." गुणवंतांनी हसून मान हलवली. आता नागेशने फक्त खाली बघायचं होतं. एक "हो ना" म्हटलं की मिटलं. तो पुन्हा स्वीप, गट शाबूत, गुणवंतांच्या बायकोची अट शाबूत. दोन महिने ज्या गोष्टीची धास्ती होती, ती कुशलने स्वतःहून काढून त्याच्या हातात दिली होती.

पण त्या हाताचं वजन त्याला सहन होईना. बिचारा. साधा. माफ केलं. त्याने तो हात खांद्यावरून काढला.

"मी घाबरलो नव्हतो," नागेश म्हणाला. "तू हात केलास तो मी पाहिला. गाडी दुसऱ्या गिअरवर आणली, नीट पाहिला, आणि पुढे गेलो."

"काय बोलतोयस?"

"तू टाकीत डिझेल भरलंस तेही पाहिलं. वास आला मला. बोललो नाही."

डिझेल ऐकून मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. कुशलचा चेहरा पांढराफटक पडला, मग लाल झाला.

"पाहिलंस आणि गप्प बसलास? एका रस्त्यासाठी?"

"तुझ्यासाठी तो एक रस्ता होता. मी तो तीन महिने काढला, तू हात देऊन कबूल केलास, आणि पाव खाता खाता मोडलास."

"हलकट माणूस आहेस तू," कुशल म्हणाला. "आणि मी याला माफ करत होतो."

"मी मागितली नव्हती माफी. आत्ताही मागत नाही."

कुशलने चहा जमिनीवर ओतला. "मला हा माझ्या मागे नकोय. तुम्हाला कोणाला पाहिजे असेल तर घ्या. खलास." तो गाडीवर बसला आणि मरीनाच्या दिशेने निघून गेला. त्याला अडवायला कोणी गेलं नाही, आणि नागेशच्या शेजारी येऊनही कोणी उभं राहिलं नाही.

अनुराधा थोडा वेळ नागेशकडे बघत राहिली. तिला राग आला नव्हता, ती विचार करत होती, आणि ते जास्त वाईट होतं.

"नागेशदादा, एक विचारू?" ती म्हणाली. "समजा आत्ता इथे आपल्यापैकी कोणी तुमच्याशी वाईट वागलंय, आणि तो चुकीचं काही भरतोय. तुम्ही सांगाल?"

द्यायचं उत्तर अर्थातच हो होतं. पण नागेशला समोरासमोर चटकन खोटं बोलता येत नाही, आणि खरं काय ते त्याला शोधावं लागलं. त्याने चौदा जणांकडे पाहिलं. नऊ वर्षांत यातल्या कोणी काय म्हटलं होतं, तेही त्याला आठवलं. "हो," तो म्हणाला, पण त्याला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळ्यांनी मोजला.

अनुराधाने कप डब्यात टाकला आणि नेहमीच्या कॅप्टनच्या आवाजात सांगितलं, "ऐका. आज लीड नागेशदादा. स्वीपला मी राहते. दादा, ती हत्यारांची पेटी माझ्या गाडीला बांधा."

कोणी टाळी वाजवली नाही, कोणी का म्हणून विचारलं नाही. गुणवंत त्याच्याकडे न बघता हेल्मेटचा पट्टा लावत होते. नागेशने पेटी सोडली, अनुराधाच्या गाडीला बांधली, गाठ दोनदा तपासली. मग गाडी ढकलत रांगेच्या तोंडाशी नेली. हत्तापर्यंत रस्ता मोकळा होता, ऊन कोवळं होतं, आणि त्याने गाडी अगदी हवी तशी, एकसारख्या वेगात नेली. मागचे जरा जास्तच अंतर ठेवून येत होते.

दुपारी घरी आला तेव्हा संपदा पोळ्या करत होती आणि संजना टेबलावर पुस्तकं पसरून बसली होती.

"झाली का राइड? आज किती जणांची चेन जोडलीत?" संपदाने विचारलं.

"कोणाची नाही. आज मी पुढे होतो. लीड."

संपदा लाटणं थांबवून वळली. "खरंच? अहो, मग सांगायचं ना फोनवर. गोड काहीतरी केलं असतं." नवऱ्याचा चेहरा बघून ती परत पोळीकडे वळली.

संजनाने मात्र पुस्तकातून मान वर केली. "वॉव, बाबा. दॅट्स व्हॉट यू ऑल्वेज वॉन्टेड, नो?"

"हो," नागेश म्हणाला, आणि बूट काढायला खाली बसला.